पाणी उतरल्यावरचा पूल

२००५ च्या ऑगस्टमध्ये मी एक पूल वाहतुकीला खुला केला. तो त्या दिवशी खुला करायला नको होता. त्यात कुणाचा जीव गेला नाही, माझ्यावर ठपका आला नाही, आणि तालुक्यातल्या फार थोड्या माणसांना ती हकिकत आज आठवत असेल. पण रस्ते आणि पुलांच्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत ज्या हजारो कागदांवर सह्या केल्या, त्यातली एक सही आजही मनाला टोचते, ती ही.

पंचगंगेला मिळणाऱ्या नद्यांपैकी एकीवरचा तो पूल. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून मला घरच्यासारखं बोलावतात. पाच गाळे, काळ्या दगडाचे चार खांब, वर काँक्रीटचा स्लॅब. मी तेव्हा उपअभियंता होतो. जुलैच्या अखेरीला पाऊस लागला तो थांबेचना. कोल्हापुरात त्या दिवसांत माणसं एकमेकांना भेटली की आधी विचारतात, ‘पाणी किती फुटांवर?’ राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की इशारा, ४३ झाले की धोका. तिकडे सांगलीला कृष्णेवर १९२९ पासून उभा असलेला आयर्विन पूल हीच लोकांची मोजपट्टी. तिथे ४० आणि ४५. त्या वर्षी आयर्विनला पाणी साडेत्रेपन्न फुटांच्या वर गेलं. आमच्या पुलाच्या स्लॅबच्या पोटाला चार दिवस पाणी घासत होतं. मग पाऊस उघडला आणि दोन दिवसांत नदी जवळजवळ पात्रात गेली.

पाणी उतरलं आणि पलीकडच्या सात गावांचं दूध अलीकडे यायला वाट हवी झाली. पूर असेतोवर लोकांनी ते घरच्या घरी आटवलं, वाटलं, शेवटी ओतलंही. दुधाच्या पगारावर ज्यांचा बाजार चालतो त्या बायका रोज सकाळी कॅन घेऊन पुलाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहत. माझ्याशी कुणी वाकडं बोललं नाही. नुसत्या बघत उभ्या राहत. तेच जास्त जड जायचं. वरूनही फोन सुरू होते: पूल उभा आहे, पाणी खाली आहे, मग बंद कशासाठी?

मी पाहणी केली. होडी नव्हती, म्हणून गुऱ्हाळातली काहील आणली. उसाचा रस आटवायची ती भलीमोठी लोखंडी कढई, पुरात आमच्याकडे तिचीच नाव होते. काहिलीला दोर लावला, दोन पोहणारे गडी बरोबर घेतले आणि लाल-पांढऱ्या खुणा केलेला बांबू खांबांच्या कडेने तळाला टेकवत गेलो. जुन्या नकाशातल्या तळपातळीशी ताडून पाहिलं. चारही खांबांशी फरक काही इंचांचा. तिसऱ्या खांबाच्या नाकाशी तर तळ थोडा वरच लागला. खांबांना चीर नाही, कठड्याची ओळ सरळ, स्लॅब कोरडा पडला होता. मी वहीत लिहिलं: तळपातळी पूर्ववत.

आमच्या गँगचे मुकादम काठावर उभे होते. सगळे त्यांना तात्या म्हणत, मीही. त्या नदीच्या काठीच जन्मलेला माणूस. काहील काठाला लागली तेव्हा ते जवळ आले आणि म्हणाले, “रावसाहेब, बांबूनं कळायचं न्हाई. सळई घालून बघा. ही वाळू आपली न्हवं, नवी हाय.”

मी म्हणालो, “उद्या बघू, तात्या.”

त्याच संध्याकाळी सही केली. पहिली दुधाची गाडी गेली तेव्हा पलीकडच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं, हे लपवत नाही.

तात्यांना काय म्हणायचं होतं, ते मला पुस्तकातून माहीत होतं. माहीत असून मी ते त्या दिवशी बाजूला ठेवलं. पुरात पूल कसा मोडतो, असं कुणालाही विचारा. माणूस हाताने ढकलल्याची खूण करतो. पाणी येतं, धडका देतं, पूल आडवा होतो. पाण्याला ढकलण्याचा जोर असतोच. वेग दुप्पट झाला की खांबावरचा दाब चौपट होतो. म्हणून तर जुन्या बांधणाऱ्यांनी खांबांना होडीसारखी टोकदार नाकं दिली. आजच्या हिशेबातही सपाट तोंडाच्या खांबावरचा दाब गोल नाकाच्या खांबापेक्षा दुपटीहून अधिक धरतात. पण नुसत्या धक्क्याने कोलमडलेला मोठा पूल मी माझ्या नोकरीत एकही पाहिला नाही. जे गेले ते पायाकडून गेले.

खांबाच्या नाकाशी काय होतं ते असं. नदीचं वरचं पाणी जोरात धावतं, तळाचं तळाला घासत हळू येतं. दोन्ही खांबाला भिडतात तेव्हा वरचा दाब जास्त आणि खालचा कमी, त्यामुळे पाणी खांबाच्या अंगावरून सरळ खाली बुडी मारतं. तळाशी पोहोचलं की उलटं वळून भोवरा धरतं आणि खांबाच्या दोन्ही अंगांनी घोड्याच्या नालेसारखं लपेटून निघून जातं. हा भोवरा वरून दिसत नाही. वर दिसते ती नुसती एक फेसाळ रेघ. खाली मात्र तो भुसभुशीत तळ उकरून नेत असतो, घूस घराचा पाया उकरते तसा. इंजिनिअर त्याला स्कावर म्हणतात. गँगमधली माणसं साधं म्हणतात: पाण्यानं पाया पोखरला.

हा खड्डा सगळ्यात खोल असतो तो पूर भरात असताना. तेव्हा तिथे कुणी जाऊ शकत नाही. पाणी उतरायला लागलं की वेग मरतो, वरून वाहून आलेली वाळू आणि गाळ जिथे खोलगट जागा मिळेल तिथे बसतो, आणि सगळ्यात खोलगट जागा असते ती नेमकी खांबाच्या नाकाशी. म्हणजे पूर जाता जाता आपण काढलेला खड्डा आपणच बुजवून जातो. वर सपाट, स्वच्छ, नवी वाळू. बांबू टेकवला की टेकतो. पायाला मात्र तिचा काडीइतकाही आधार नसतो, कारण ती दाबून बसलेली नसते, नुसती येऊन पडलेली असते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा पाणी आलं. मोठं नव्हे, दरवर्षी येतं तेवढंच. एका सकाळी तात्या नेहमीसारखे पुलावरून चालत गेले आणि मध्येच थांबले. तिसऱ्या खांबावरच्या जोडापाशी डांबरात एक चीर पडली होती. त्यांनी खाली बसून एका डोळ्याने कठड्याच्या माथ्यावरून नजर लावली. कठड्याची ओळ तिथे बसली होती. बोटभर. त्यांनी कुणालाही न विचारता आपली सायकल पुलाच्या तोंडाशी आडवी टाकली, गँगमधल्या एका पोराला पलीकडे पळवलं आणि सकाळची एसटी गाडी अलीकडेच थांबवली. मी पोहोचलो तेव्हा कंडक्टर त्यांच्याशी हुज्जत घालत होता आणि तात्या नुसते मान हलवत उभे होते. दुपारपर्यंत बोटाचे चार इंच झाले. संध्याकाळी दुर्बिणीतून मोजलं तर खांब कललेला होता, आणि कललेला होता वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून येत होतं तिकडे. पाण्याने ढकलला असता तर खालच्या अंगाला कलला असता. नाकाखालची जमीनच नाहीशी झाली होती, म्हणून तो पुढे झुकला होता.

डिसेंबरात पाणी वळवून, पंप लावून आम्ही त्या खांबाचा पाया उघडा केला. पाया मांजऱ्या खडकावर होता. आपल्या दख्खनच्या पठारावर पुलांचं एक बरं असतं, बहुतेक ठिकाणी थोडं खणलं की खडक लागतो. पण खडक म्हणजे सगळा काळा पाषाण नव्हे. दोन कठीण थरांच्या मधे कुठे मऊ मांजऱ्या, कुठे गेरूसारखा लाल थर असतो. आज नियम असा आहे की कठीण खडकात पाया निदान साठ सेंटिमीटर आत घ्यायचा आणि मऊ खडकात दीड मीटर. त्या जुन्या पुलाच्या वेळी कुदळ अडली तिथे माणसं थांबली होती. नाकाखाली मांजऱ्या चोपला जाऊन एक माणूस मांडी घालून बसेल एवढी पोकळी झाली होती. ती वाळूने भरलेली होती. मी स्वतः उतरून हाताने ती वाळू उपसली. तळपातळीच्या सहा फूट खाली, ज्याला मी वहीत ‘पूर्ववत’ म्हटलं होतं त्या तळाच्या खाली, हाताला एक शाम्पूची पुडी लागली आणि तिच्याखाली काळा पडलेला उसाचा पाला. जुन्या तळात शाम्पूची पुडी कशी येईल? ती सगळी वाळू त्या पुरातली होती.

तात्या वर उभे होते. त्यांनी काही म्हटलं नाही. ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य त्या माणसाने मला पुढे कधीच ऐकवलं नाही.

पायाखाली काँक्रीट भरलं, भोवती काँक्रीटचा पट्टा घातला, मोठ्या दगडांचं पिचिंग केलं. पूल चार महिने बंद राहिला. ऑगस्टमध्ये दोन दिवस आणखी थांबून सळई घातली असती, तर त्या बायकांचं दूध दोन दिवस आणखी वाया गेलं असतं. मी न थांबल्यामुळे त्यांना चार महिने पंधरा किलोमीटरचा वळसा पडला.

माझी सुरुवात कोकणातली. १९८५ साली कनिष्ठ अभियंता म्हणून रायगड जिल्ह्यात रुजू झालो. दुसऱ्याच पावसाळ्यात एका रात्री वरिष्ठांनी मला एका पुलावर उभं केलं: पाणी खुणेच्या वर आलं की दोन्हीकडे साखळी लावायची, एवढंच काम. हातात कंदील आणि बॅटरी. पावसाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं, पण त्याच्या खालून आणखी एक आवाज येत होता, लांब कुठे मालगाडी जात असावी तसा. मी बरोबरच्या मैलकामगाराला विचारलं, इथे रेल्वे कुठली? कोकण रेल्वे तेव्हा झालीच नव्हती. तो म्हणाला, “साहेब, खालून धोंडे जातायत.” नदीच्या तळाशी माणसाच्या डोक्याएवढे, काही पोत्याएवढे गोटे गडगडत समुद्राकडे निघाले होते. अधूनमधून एखादा खांबाला बसायचा आणि पायाच्या तळव्याला ते कळायचं.

जलशास्त्रातला एक नियम सांगतो की पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते हलवू शकेल त्या दगडाचं वजन चौसष्टपट होतं. परीक्षेत हा नियम पाठ केला होता. तो पायाच्या तळव्याला कळला त्या रात्री.

कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या. सावित्री महाबळेश्वराला उगम पावते, जिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि थोड्याच अंतरात सह्याद्रीवरून खाली उतरून समुद्राला मिळते. अशा पाणलोटांसाठी पूर किती येईल याचा हिशेब करायला आम्ही अजूनही इंग्लिस साहेबाचं सूत्र वापरतो. सर क्लॉड इंग्लिस पुण्याजवळ खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात होते, तिथून त्यांनी पश्चिम घाटातल्या नद्यांचा अभ्यास केला. त्यांच्या सूत्राने १०० चौरस किलोमीटरच्या लहानशा पाणलोटातून सेकंदाला सुमारे १,१८० घनमीटर पाणी येतं. एक घनमीटर म्हणजे एक टन. सेकंदाला १,१८० टन, आणि त्यात धोंडे, झाडं, बांबूची बेटं वेगळी.

या झाडांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लोक ती मोजत नाहीत. एखादा उंबराचा बुंधा येऊन दोन खांबांमधे आडवा अडकतो. त्यावर केळीचे खांब, पाचट, कडबा, गवताच्या गंज्या येऊन बसतात. तासाभरात गाळ्याचं दार अर्धं बंद होतं. पाणी वर तुंबतं, फुगवटा मागच्या शेतात शिरतो, आणि जे पाणी उरलेल्या अर्ध्या दारातून जातं ते दुप्पट जोराने आणि जास्त खोलवर बुडी मारून जातं. खांब जितका रुंद तितका खड्डा खोल. अडकलेला भारा खांबाला रुंद करून ठेवतो. मी पाहिलेल्या दोन पुलांचे पाये अशा भाऱ्यांमुळे उघडे पडले. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाळ्याआधी काढतात ते याचसाठी. ज्या साली ते वेळेवर निघत नाहीत, त्या साली बंधाऱ्याची बाजू फोडून नदी नवी वाट काढते.

आणि बाजू हाच पुलाचा सगळ्यात कच्चा भाग. पूल धडधाकट उभा आणि दोन्हीकडचा भराव वाहून गेलेला, हे दृश्य मी जितक्या वेळा पाहिलं, तितकं दुसरं कुठलंच नाही. मातीचा भराव पाणी पिऊन फुगतो. नदी भरलेली असते तोवर बाहेरचं पाणी त्याला टेकू देत असतं. नदी झपाट्याने उतरली की टेकू जातो, आतलं पाणी आतच राहतं आणि भराव धरून ठेवणाऱ्या बाजूच्या भिंतीला, विंग वॉलला, बाहेर लोटतं. भिंतीतली पाणी जायची भोकं बुजलेली असली, आणि ती बहुधा बुजलेलीच असतात, तर विंग वॉल पडते ती पुरात नव्हे, पूर ओसरल्यावर, ऊन पडल्यावर, लोक ‘सुटलो’ म्हणून पुलावर बघायला जमलेले असताना.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मी कोल्हापूर जिल्ह्यातच होतो. पहाटे फोन वाजला तो रायगडच्या जुन्या सहकाऱ्याचा. महाड आणि पोलादपूर यांच्यामधला सावित्रीवरचा जुना पूल गेला होता. १९२८ सालचा, दगडी कमानींचा. त्याच्या शेजारी उभा असलेला नवा पूल उभाच राहिला. जुन्यावरून मुंबईकडे जाणाऱ्या एसटीच्या दोन गाड्या, जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली, आणि एक मोटार त्या अंधारात नदीत गेल्या. चाळीसच्या आसपास माणसं. काहींचे देह नदीने पार समुद्रकाठापर्यंत नेले.

त्या पुलावरून मी कितीदा गेलो असेन. तरुणपणी तिथे उभं राहून कमानींचे चिरे न्याहाळले आहेत. कमानीच्या पुलात प्रत्येक कमान शेजारच्या कमानीला रेटा देऊन उभी असते. मधला एक खांब गेला की शेजारच्या कमानींचा आधारच जातो, आणि मग एक एक करत पुढच्या पडतात. काँक्रीटचा स्लॅब बसायला लागला तर निदान बोटभर खचून सांगतो, तात्यांसारख्याला ते दिसतं. कमान सांगायला फार वेळ देत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असं तेव्हा सरकारतर्फे सांगण्यात आलं. ते वाचून मी बराच वेळ वर्तमानपत्र हातात धरून बसलो. पाहणी करणाऱ्यांना नावं ठेवायला माझी जीभ उचलली नाही. मे महिन्यात नदीत पाणी नसतं, पूल शांत उभा असतो, दगडांच्या सांध्यातून उगवलेली पिंपळाची रोपं दिसतात ती उपटून टाकता येतात. डोळ्यांना जे दिसतं ते लिहिता येतं. खांबाच्या नाकाखाली साठलेली वाळू गेल्या पुरातली की शंभर वर्षांपूर्वीची, हे डोळ्यांना दिसत नाही.

त्यानंतर राज्यभर जुन्या पुलांच्या तपासणीचे हुकूम निघाले. माझ्या हाताखालच्या पुलांची यादी केली तेव्हा तात्या निवृत्त झालेले होते. मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, “तात्या, सळई द्या तुमची.” त्यांनी गोठ्याच्या आढ्यातून ती काढून दिली. सोळा मिलिमीटरची, दहा फूट लांब, टोक ठोकून निमुळतं केलेलं, वरच्या बाजूला आडवी मूठ जोडलेली. एवढंच हत्यार. जुन्या, बसलेल्या तळात ती घातली की हातभर जाण्याआधी अडते आणि मनगटाला झिणझिण्या येतात. पुराने आणून टाकलेल्या वाळूत ती भिजवलेल्या कणकेत काडी जावी तशी जाते, आणि जिथे अडते तिथे खरा तळ असतो. दोन्हीतला फरक मूठभर अनुभवाने कळतो. आज पाण्याखालचा तळ मोजणारी ध्वनीयंत्रं आहेत, कॅमेरे आहेत, पाणबुडे बोलावता येतात. मोठ्या पुलांना ती वापरायलाच हवीत. पण आडवळणाच्या गावातल्या पाच गाळ्यांच्या पुलापाशी पूर उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी हजर असतो तो मैलकामगार, आणि त्याच्या हातात देता येईल अशी गोष्ट ही सळई आहे.

त्या मोहिमेत एका पुलाच्या दोन खांबांशी सळई सात फूट आत गेली. तिथे पुराने तळ खाल्ला होता, आणि त्याआधी वाळूउपशाने. पुलाच्या वर-खाली ठरावीक अंतरात वाळू काढायला बंदी असते. बंदीचा फलक तिथेही होता. पात्र मात्र इतकं खाली गेलं होतं की बांधताना जमिनीत गाडलेला पाया कमरेइतका उघडा पडला होता. पावसाळा संपायला दोन महिने होते. मी तो पूल त्याच दिवशी बंद केला. या वेळीही फोन आले, आणि या वेळीही काठावर दुधाचे कॅन होते. मी त्या बायकांना खाली नदीत नेलं, पाणी घोटाभर होतं तिथे उभं केलं आणि एकीच्या हातात सळई दिली. तिने ती वाळूत रेटली, ती सरसर आत गेली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “आत काईच न्हाई की वो.” त्यानंतर पूल उघडा म्हणून कुणी आलं नाही.

२०१८ साली मी निवृत्त झालो. पुढच्याच वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांवर गेलं आणि सांगलीला आयर्विन पुलावर ५७ फुटांवर. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. २०२१ च्या जुलैत राजाराम बंधाऱ्याने ५६ फूटही ओलांडले, आणि चिपळूणला वाशिष्ठीवरचा जुना पूल खचून मुंबई-गोवा महामार्ग तुटला. आम्ही ज्या सर्वोच्च पूरपातळ्या नकाशांवर लाल शाईने लिहिल्या होत्या, त्या सोळा वर्षांत दोनदा खोट्या ठरल्या. जुन्या पातळीवर बेतलेले पूल अजून शेकड्यांनी वापरात आहेत. ते सगळे पाडून नवे बांधायला जितकी वर्षं लागतील, तितके पावसाळे त्यांना उभं राहायचं आहे.

सळई मी निवृत्तीच्या दिवशी माझ्या जागी आलेल्या मुलीच्या हातात दिली. तिने एकदा फोनवर सांगितलं की तिने तशा वीस करून घेतल्या, प्रत्येक गँगला एक.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच आहे. स्लॅबवरून पाणी वाहत असताना तर पुलावर जाऊच नका, दीड फूट पाण्यातसुद्धा दुचाकी हातात राहत नाही. पण पाणी उतरल्यावर, ऊन पडल्यावर, पूल कोरडा ठणठणीत दिसत असतानाही जर त्याच्या तोंडाशी एखादा मैलकामगार सायकल आडवी टाकून उभा असेल, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. त्याला दोन दिवस द्या. आणि उन्हाळ्यात कधी सवड झाली तर आपल्या गावच्या पुलाखाली उतरून खांबांची नाकं बघा. पायाचं काँक्रीट किंवा दगड उघडा दिसला, भोवतीचं पिचिंग वाहून गेलेलं दिसलं, तर फोटो काढून पावसाळ्याआधी उपविभागाच्या कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या.